मामांच्या मॉडेल्सवरचा जुना रंग काढताना

दसऱ्याला, म्हणजे १२ ऑक्टोबर २०२४ ला, मामांनी त्यांचा मॉडेल्सचा खोका माझ्या हवाली केला. मामा मर्चंट नेव्हीत होते. ऐंशीच्या दशकात जहाज ज्या बंदराला लागेल तिथून ते किट आणायचे. एअरफिक्सची १/७२ प्रमाणातली विमानं, तामियाचे १/३५ चे सैनिक, लंडनहून आणलेले ५४ मिलिमीटरचे धातूचे शिपाई. बहुतेक वेळा रजेवर आले की जोडायचे आणि हम्ब्रोलच्या चिमुकल्या डब्यांतल्या इनॅमलने, म्हणजे तेलाच्या जातीच्या रंगाने, रंगवायचे. पुढे मामेभावाने शाळेत असताना त्यातल्या बऱ्याच मॉडेल्सवर आपले रंग चढवले, काहींवर गाडीचा स्प्रे मारला. एकेका सैनिकाच्या चेहऱ्यावर इतके थर, की नाकडोळे बुजून गेलेले. फेब्रुवारीत मामांना पंचाहत्तर पूर्ण होणार होती. तोवर सगळा रंग उतरवून, नव्याने रंगवून ती मॉडेल्स त्यांना परत द्यायची असं मी ठरवलं.

आधी त्यांना विचारून घेतलं. दुसऱ्याच्या हातचं काम पुसायचं तर परवानगी हवीच. मामा म्हणाले, "काढ गं बिनधास्त. फक्त ते चंदेरी हंटर विमान तसंच राहू दे. तुझ्या मामीच्या पहिल्या बाळंतपणात रजेवर होतो, तेव्हा रंगवलंय ते." हंटर बाजूला काढून मी वेगळ्या डब्यात ठेवलं. तुमच्याकडेही असा खोका आला तर पहिलं काम हेच करा: मालकाला विचारा आणि प्रत्येक मॉडेलचे चारही बाजूंनी फोटो काढा. रंगाबरोबर डिकॅल, म्हणजे वर चिकटवलेली चिन्हं आणि आकडे, हेही जाणार असतात. नंतर कुठल्या पंखावर कोणता आकडा होता ते आठवत बसावं लागत नाही.

"एवढा खटाटोप कशाला, नवीन आण की," असं घरात आणि बाहेर पुष्कळांनी सुचवलं. स्केल मॉडेल्स आयातशुल्काच्या हिशेबात खेळण्यांच्याच गटात येतात. खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के. त्यावर बाकीचे कर आणि टपालखर्च. शिवाय चाळीस वर्षांपूर्वीचे धातूचे शिपाई तसे आता मिळत नाहीत. भारतात हा छंद करणाऱ्याला जुनं वाचवता येणं हे म्हणूनच नवीन रंगवता येण्याइतकं महत्त्वाचं आहे.

मला भीती दोन गोष्टींची होती. मॉडेल वितळेल ही एक. दुसरी आणि मोठी भीती घराची. आमचा पुण्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट, एक गॅलरी. घरात सासूबाई, नऊ वर्षांची मुलगी आणि मनी नावाची मांजर. मोरीत, गॅलरीत, सिंकखाली, सगळीकडे यांतलं कुणी ना कुणी पोचतंच. त्यामुळे "सगळ्यात जोरदार काय" हा प्रश्न मी बाजूलाच ठेवला. सगळ्यात सौम्य आणि तरीही काम करणारं काय, ते शोधायचं होतं.

पहिला शनिवार-रविवार मी नुसत्या ओळख परेडीत घालवला आणि त्याचा मला पुढे सर्वात जास्त उपयोग झाला. कुठल्याही बाटलीचं झाकण उघडण्याआधी मॉडेल कशाचं आहे हे कळलं पाहिजे. धातू वजनावरून कळतो. विमानं आणि बहुतेक सैनिक पॉलिस्टायरीनचे, म्हणजे किटचं नेहमीचं कडक प्लॅस्टिक. टेबलावर टाकलं की टिचकीसारखा आवाज होतो, ब्लेडने खरवडलं तर बारीक सालपट निघतं. रेझिन, म्हणजे साच्यात ओतून घट्ट केलेला पदार्थ, खरवडलं तर पीठ पडतं. एक मूठभर सैनिक मऊ, वाकणारे होते, ते पॉलिथिनचे. शंका असेल तर साध्या पाण्याच्या वाटीत टाका: पॉलिथिन पाण्यापेक्षा हलकं असल्याने तरंगतं, पॉलिस्टायरीन आणि रेझिन बुडतात. विमानांच्या कॅनोपी, म्हणजे वैमानिकाच्या जागेवरची पारदर्शक झाकणं, मी सगळ्यात आधी अलगद सोडवून घेतल्या. त्या अल्कोहोलमध्ये बुडवल्या तर त्यांच्यात केसासारख्या भेगा पडतात आणि मग काही करता येत नाही. त्यांच्या चौकटीवरचा रंग मी शेवटपर्यंत लाकडी टूथपिक आणि साबणाच्या पाण्यानेच काढला.

मग रंग कुठला ते. आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए, इअरबडवर घेऊन मॉडेलच्या तळाला मिनिटभर चोळायचं. बोळ्याला लगेच रंग लागला आणि पृष्ठभाग चिकट झाला तर तो ॲक्रिलिक, म्हणजे पाण्यात कालवायचा रंग. काहीच झालं नाही तर मुरलेलं इनॅमल किंवा गाडीचा रंग. मामांचे थर जवळजवळ सगळे दुसऱ्या प्रकारातले निघाले, मामेभावाचे बरेचसे पहिल्या. एकाच सैनिकावर दोन्ही.

धातूच्या शिपायांची आणखी एक तपासणी केली. तळाची खरवडलेली बाजू पांढऱ्या कागदावर ओढली. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली, म्हणजे त्यात शिसं आहे. जुन्या व्हाइट मेटलमध्ये, म्हणजे अशा शिपायांच्या मिश्रधातूत, ते बहुधा असायचंच. असेच छोटे शिपाई बनवणाऱ्या सिटाडेलसारख्या मोठ्या ब्रिटिश कंपनीने शिसं नसलेला मिश्रधातू वापरायला सुरुवात केली तीही १९९७ मध्ये. मुलगी तोवर माझ्याबरोबर मॉडेल्स लावायला बसत होती. त्या रेघेनंतर धातूचे शिपाई झाकणाच्या डब्यात वरच्या फडताळात गेले आणि तिच्याकडे विमानांचे फोटो काढण्याचं काम आलं. त्या काळच्या हम्ब्रोलच्या पिवळ्या-लाल रंगांतही शिशाची रंगद्रव्यं असू शकतात. त्यामुळे जुना रंग कोरडा घासून काढायचा नाही, सॅंडपेपर तर नाहीच. जे काही घासायचं ते ओलं असताना.

यानंतर घरातलंच सामान टेबलावर मांडलं आणि एकेकाचा विचार केला. सासूबाईंनी चिंच सुचवली. "अगं, पितळ्या कशा लखलखतात, तसे शिपाईही होतील." पितळेला ते बरोबर आहे. शिसं असलेल्या धातूला मात्र आंबट काहीच लावू नये. व्हिनेगरमधल्या आम्लाने शिशाचं पाण्यात विरघळणारं आणि विषारी क्षारात रूपांतर होतं. त्या आम्लाच्या नुसत्या वाफेनेही असे शिपाई पांढरी पूड धरतात आणि हळूहळू झिजतात. चिंच, लिंबू, व्हिनेगर बाद. टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, तेही बाद. ब्लीचने रंग निघत नाही आणि ते चुकून टॉयलेट क्लीनरमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. अल्कोहोलबरोबरही त्याची गाठ पडू द्यायची नाही. ब्लीचची बाटली मी काम संपेपर्यंत त्या खोलीबाहेरच ठेवली. पांढऱ्या फिनेलमध्ये पाइन तेल असतं, पण पाणी इतकं, की रंगाला फारसं काही होत नाही. काळं फिनेल डांबरापासून काढलेल्या फिनॉलच्या जातीच्या द्रव्यांचं असतं. माझ्या घरात ते येणार नाही. नेलपेंट रिमूव्हरमधलं ॲसिटोन पॉलिस्टायरीन विरघळवतं. रंगाच्या दुकानातला एनसी थिनरही तसाच. ब्रेक ऑइल जुने हौशी लोक वापरायचे. ते विषारी आहे आणि त्याने प्लॅस्टिक ठिसूळ झाल्याचं अनेकांनी मला सांगितलं. घरात मांजर असताना तो विचार मी केलाच नाही.

उरलं काय? डेटॉल, आयपीए, आणि अगदी गरज पडली तर कॉस्टिक सोडा.

प्रत्येक रसायनाची एक सेफ्टी डेटा शीट असते, ती कंपन्यांच्या संकेतस्थळावर मिळते. सोळा विभाग असतात आणि भाषा रुक्ष असते, पण आपल्याला चारच पुरतात: तिसऱ्यात घटक, आठव्यात हातमोजे-चष्मा, दहाव्यात कशात मिसळू नये, तेराव्यात विल्हेवाट. मी त्या छापून फ्रिजवर लावल्या आणि खाली १०८ लिहून ठेवलं. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, ते चोवीस तास फोनवर सल्ला देतं. त्याचा नंबरही शोधून लिहिला. फोन करायची वेळ आली नाही, तरी तो कागद समोर असल्याने हात शांतपणे चालले.

डेटा शीट वाचल्यावरच डेटॉलबद्दल एक गोष्ट नीट कळली. त्यात ४.८ टक्के क्लोरोझायलेनॉल असतं. मांजरांच्या यकृताला ही फिनॉलच्या जातीची द्रव्यं पचवता येत नाहीत. पायाला लागलेलं ते चाटतात आणि तेच पोटात जातं. माशांनाही ते घातक. म्हणजे आपण ज्याला घरातलं औषध मानतो, त्यासाठीच मनीला खोलीबाहेर ठेवणं भाग होतं.

खरेदीला २६ ऑक्टोबरला बाहेर पडले. दिवाळीच्या तोंडावर बुधवार पेठेत जाणं म्हणजे दिव्यच, पण आयपीए मिळण्याची खात्रीची जागा तापकीर गल्ली. सर्किट बोर्ड साफ करायला इलेक्ट्रॉनिक्सवाले ते वापरतात. "नव्व्याण्णव टक्के असलेलं द्या" असं स्पष्ट सांगा. कोविडच्या वेळचं सॅनिटायझर घरात उरलेलं असतं, मोह होतो, पण त्यात पाणी असतं आणि ग्लिसरीन. काम हळू होतं आणि मॉडेलवर पातळ पापुद्रा राहतो. वाटेत एका केमिकलच्या दुकानात डिनेचर्ड स्पिरिट, म्हणजे पिण्याजोगं न ठेवलेलं अल्कोहोल, विचारून पाहिलं. काका म्हणाले, "ताई, ते असं सुटं नाही मिळत, लायसनचं काम आहे." बरोबरच होतं. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली त्याच्या विक्रीवर नियंत्रण आहे. आयपीए त्यात येत नाही. त्याच काकांनी कॉस्टिक सोड्याची पुडी देताना कशासाठी हवा ते विचारलं, नाव लिहून घेतलं आणि आधारकार्ड पाहिलं. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ॲसिडच्या विक्रीला ओळखपत्र आणि नोंदवही लागते. कॉस्टिक म्हणजे ॲसिड नव्हे, पण त्यांनी सगळ्यालाच एक वही ठेवली होती. मला ते आवडलं. ओळखपत्र बरोबर ठेवा आणि उद्देश सरळ सांगा.

त्या दिवशीचा साधारण खर्च असा: आयपीए एक लिटर साडेचारशे, नायट्राइल हातमोज्यांचं खोकं साडेतीनशे, बाजूंनी बंद असलेला संरक्षक चष्मा दीडशे, कॉस्टिक सोडा अर्धा किलो साठ, मऊ टूथब्रश, चिमटा आणि घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बरण्या मिळून तीनशे. डेटॉलची मोठी बाटली वाण्याकडून, सव्वादोनशेच्या आसपास. सगळं मिळून दीड हजारांच्या घरात. चष्म्यावर पैसे वाचवू नका. ब्रशचे केस वाकून सुटतात तेव्हा थेंब थेट तोंडावर उडतो.

दिवाळीत बरण्या बंदच ठेवल्या. आयपीएची वाफ १२ अंश सेल्सियसलाही ठिणगीने पेट घेऊ शकते, म्हणजे पुण्याच्या कुठल्याही दिवसात. घरात पणत्या, उदबत्त्या, फुलबाज्या असताना तो धोका पत्करण्यात अर्थ नव्हता. एरवीही काम करताना गॅस बंद, देवघरातलं निरांजन शांत झालेलं, गॅलरीचं दार उघडं, हा नियम सासूबाईंनीच लावून दिला आणि पाळला. रोज संध्याकाळी दिवा लावण्याआधी "तुझं आवरलं का गं?" असं विचारून मगच काडी ओढायच्या.

भाऊबीज आटोपल्यावर चाचण्या केल्या. किटच्या चौकटीचे उरलेले तुकडे, म्हणजे स्प्रू, मामांनी कशाला तरी लागतील म्हणून पिशवीत भरून ठेवले होते. त्यांच्यावर जुने रंगही पुसलेले होते, त्यामुळे चाचणीला याहून चांगलं काही नाही. एक तुकडा डेटॉलमध्ये, एक आयपीएत, एक नेलपेंट रिमूव्हरमध्ये. रिमूव्हरमधला तुकडा थोड्याच वेळात शेवाळासारखा लिबलिबीत झाला. मुलीला तो मी मुद्दाम दाखवला. बाकी दोन दुसऱ्या दिवशी कडक आणि सरळ होते. डेटॉलमधल्या तुकड्यावरचं इनॅमलसुद्धा सुरकुतलं होतं. त्या रात्री पहिल्यांदा मला वाटलं की हे जमेल.

पहिली खरी तुकडी ९ नोव्हेंबरला बुडवली: मामेभावाने ॲक्रिलिक चढवलेले सैनिक, आयपीएत. अर्ध्या तासात द्रव गढूळ झाला. चिमट्याने एकेक उचलून, झाकणात ठेवून, मऊ ब्रशने गोल गोल घासलं. खांद्यांवरचे पट्टे दिसू लागले, खिशांच्या गुंड्या दिसू लागल्या. एका सैनिकाच्या पाठीवरच्या पिशवीला बकल आहे हे मला इतका वेळ माहीतच नव्हतं. आयपीएत मॉडेल दिवसेंदिवस ठेवायचं नाही. तासाभरात निघेल तेवढं काढायचं, बाहेर ठेवायचं, पुन्हा बुडवायचं. रेझिनचे दोन भाग होते, त्यांना तर मी बुडवलंच नाही, ओल्या ब्रशने पुसत गेले; काही रेझिन आयपीएत मऊ पडतात. फेव्हिक्विकसारख्या गोंदाने चिकटवलेले हात आणि बंदुका सुटून आल्या. त्या लगेच छोट्या डबीत टाकून डबीवर क्रमांक लिहिला. प्लॅस्टिक सिमेंटचे सांधे मात्र जसेच्या तसे, कारण तो गोंद प्लॅस्टिकच एकमेकांत वितळवून जोडतो.

डेटॉलचं तंत्र वेगळं आहे आणि तिथेच बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून सविस्तर सांगते. डेटॉल पाणी न घालता वापरायचं. मॉडेल पूर्ण बुडेल एवढंच ओतायचं, झाकण लावायचं, चोवीस तास. बाहेर काढल्यावर हात आपोआप नळाकडे जातो, पण पाणी लावायचं नाही. डेटॉलमध्ये पाणी पडलं की ते दुधासारखं होतं आणि मऊ झालेला रंग डांबरासारखा चिकट बनून बारीक खाचांत परत बसतो, ब्रशलाही लागतो. पहिलं घासणं डेटॉलमध्येच. मग दुसऱ्या वाटीत ताजं डेटॉल घेऊन त्यात खळबळायचं. त्यानंतर आयपीएत बुडवलेल्या ब्रशने पुसून काढायचं आणि सगळ्यात शेवटी भांडी घासायचं लिक्विड आणि कोमट पाणी. कढत पाणी नको, पातळ प्लॅस्टिक वाकतं. हातमोजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत. निर्जंतुक करायला आपण डेटॉल पातळ करून लावतो. तेच तसंच्या तसं कातडीवर राहिलं तर भाजतं.

या पद्धतीने मामांच्या इनॅमलचा मोठा भाग निघाला. एका स्पिटफायरच्या पंखाखाली रंग गेल्यावर प्लॅस्टिकमध्ये अंगठ्याचा ठसा सापडला. सिमेंट ओलं असताना दाबला गेलेला, स्पष्ट रेषांसह. मामांना फोटो पाठवला तर त्यांनी लगेच फोन केला आणि ते किट कोणत्या बंदरात घेतलं, जहाजावरच्या केबिनमध्ये कसं जोडलं ते अर्धा तास सांगत राहिले. तो ठसा मी घासून सपाट केला नाही.

राहता राहिली गाडीचा स्प्रे मारलेली दोन विमानं आणि एक रणगाडा. डेटॉलने त्यांच्यावर नुसते फोड आले. इथे कॉस्टिक सोड्याचा विचार करावा लागला. ओव्हन क्लीनर वापरणारे परदेशी हौशी प्रत्यक्षात हेच रसायन वापरत असतात. पॉलिस्टायरीनला ते काही करत नाही, डोळ्यांना मात्र कायमचं नुकसान करू शकतं. घरात मी ते उघडणार नव्हते. सोसायटीची गच्ची हवी होती आणि गच्चीला कुलूप असतं. सेक्रेटरी म्हणाले, लेखी अर्ज द्या. गरज पडेल असं धरून मी तो आधीच, ५ नोव्हेंबरला, दिला होता: कोणतं रसायन, किती, किती वेळ, कोण हजर असेल, सांडल्यास काय करणार. १० तारखेच्या रविवारी मासिक बैठकीत तो वाचला गेला. एका काकूंनी वाळवणाबद्दल विचारलं, एकांनी पाण्याच्या टाकीबद्दल. दोन्ही प्रश्न रास्त होते. टाकीपासून लांबच्या कोपऱ्यात, वाळवण नसलेल्या दिवशी, मुलं वर येणार नाहीत अशा वेळी, असं ठरून १४ तारखेला सहीशिक्क्याचं पत्र मिळालं. त्यातल्या अटी मी तशाच पाळल्या. तुम्हाला अशी परवानगी काढायची असेल तर डेटा शीटची प्रत अर्जाला जोडा, प्रश्न निम्मे होतात.

२० नोव्हेंबरला विधानसभेच्या मतदानाची सुट्टी होती. सकाळी लवकर मतदान केलं, परत येऊन पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, चष्मा, मोज्यांचे दोन थर, आणि गच्चीवर. नवरा खाली जिन्याच्या दाराशी थांबला. एका बादलीत नुसतं स्वच्छ पाणी भरून हाताशी ठेवलं होतं. प्लॅस्टिकच्या डब्यात एक लिटर थंड पाणी घेऊन त्यात दोन सपाट चमचे कॉस्टिक सोडा चिमूट चिमूट सोडला. नेहमी पाण्यात सोडा, सोड्यावर पाणी कधीच नाही, कारण ते एकदम तापून उसळतं. डबा किंवा चमचा ॲल्युमिनियमचा अजिबात नको. कॉस्टिकशी त्याची प्रक्रिया होऊन हायड्रोजन सुटतो. पाणी निवल्यावर मॉडेल्स सोडली, झाकण लावलं, वर "विषारी, हात लावू नये" अशी मोठी चिठ्ठी, आणि डबा गच्चीच्या कुलूपबंद खोलीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खालचं इनॅमल साबणासारखं होऊन सुटलं होतं आणि त्याच्याबरोबर वरचा स्प्रेही पापुद्र्यांनी निघाला. रणगाड्याच्या साखळ्यांत अडकलेला तेवढा राहिला.

तो मी राहू दिला. या कामात हे मला फार मोलाचं वाटतं. मॉडेल कारखान्यातून आल्यासारखं कोरं झालंच पाहिजे असं नाही. बारकावे मोकळे झाले आणि उरलेला थर पातळ, घट्ट असेल, तर प्रायमर, म्हणजे नव्या रंगाखालचा अस्तराचा थर, त्यावर छान बसतो. शेवटच्या पाच टक्क्यांसाठी जास्त कडक रसायनाकडे वळलं की धोका एकदम वाढतो, मिळत मात्र फारसं काही नाही.

धातूचे शिपाई डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात घेतले. त्यांच्यावर प्लॅस्टिकचा एकही भाग नाही हे भिंगातून पाहून खात्री केली आणि इथे ॲसिटोन वापरलं. काचेची छोटी बरणी, गॅलरी, वाऱ्याची दिशा बाहेर. ॲसिटोन नायट्राइलमधून लवकर आत झिरपतं, म्हणून बोटं बुडवायची नाहीत, सगळं चिमट्याने, आणि मोजा ओला झाला की लगेच बदलायचा. अर्ध्या तासात रंग सालींसारखा गळून पडला. साबणाने धुऊन, पुसून, उन्हात वाळवून त्याच दिवशी प्रायमरचा थर दिला, म्हणजे शिसं उघडं राहत नाही आणि हाताळताना हाताला लागत नाही. ते काम केलेला ब्रश आणि बरणी पुन्हा स्वयंपाकघरात आली नाही.

कचऱ्याचा भाग कुणी फारसा लिहीत नाही, पण मला त्यानेच जास्त दिवस गुंतवलं. गढूळ आयपीए फेकायचं नाही. बरणी आठवडाभर हलवू नका, गाळ तळाशी बसतो. वरचं स्वच्छ द्रव सुती कापडातून गाळून पुन्हा वापरता येतं. माझं एक लिटर शेवटपर्यंत पुरलं. तळाचा गाळ जुन्या वर्तमानपत्रावर गॅलरीत, आगीपासून आणि मनीपासून लांब, पूर्ण सुकू दिला. डेटॉलचा गाळ लाकडाच्या भुशात शोषून घेतला. कॉस्टिकचं पाणी पापुद्रे गाळून, भरपूर पाण्याबरोबर संडासात. तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या घनकचरा नियमांत रंगाचे डबे वगैरे घरगुती घातक कचरा ओल्या-सुक्यापासून वेगळा ठेवायला सांगितलं होतं. त्यामुळे सुकलेला गाळ, रंगलेले मोजे, बोळे असं सगळं एका पिशवीत घट्ट बांधून वर लाल पेनाने लिहिलं आणि रोज कचरा नेणाऱ्या ताईंना हातात देताना आत काय आहे ते सांगितलं. "असं आधी कुणी सांगत नाही," असं त्या म्हणाल्या. ज्या हातांनी आपला कचरा वेगळा होतो त्यांना हे कळणं हा त्यांचा हक्कच आहे.

धुतलेली मॉडेल्स प्रायमरआधी मी आठवडाभर वाळू दिली. डेटॉलचा वास गेला की नाही हा चांगला मापदंड आहे. वास येतोय म्हणजे खाचांत तेल आहे आणि प्रायमर सुटणार. पुन्हा साबणाने धुवायचं. संक्रांतीपर्यंत सगळ्यांवर करडा प्रायमर बसला होता आणि फेब्रुवारीत मामांच्या पंचाहत्तरीला रंगवलेली विमानं, सैनिक आणि हात न लावलेलं चंदेरी हंटर एका काचेच्या पेटीत गेलं.

मऊ पॉलिथिनचे सैनिक तेवढे अजून माझ्याकडे आहेत. त्यांच्यावरचा जुना रंग तर नखानेही निघाला, अडचण नवा रंग टिकवण्याची आहे. पॉलिथिनला काहीच नीट चिकटत नाही, वाकवलं की रंग तडकतो. गाडीच्या प्लॅस्टिक बंपरसाठी एक वेगळा प्रायमर मिळतो, त्याचा थर दोन सैनिकांवर दिला आहे आणि रोज थोडं वाकवून बघते आहे.